बॅकप्लेट-विंग घ्यायचंय: स्टील की ॲल्युमिनियम, आणि विंग किती लिफ्टची?

पुणेरी_फिन्स
नमस्कार मंडळी, जरा मोठा प्रश्न आहे, सांभाळून घ्या. मी पुण्यात असते, स्कूबाचे ओपन वॉटर आणि ॲडव्हान्स्ड दोन्ही कोर्स झालेत, डायव्ह बहुतेक अंदमानला स्वराज द्वीपला नाहीतर मुरुडेश्वरहून नेत्राणीला. मास्क, फिन्स आणि डायव्ह कॉम्प्युटर स्वतःचा आहे, बाकी सगळं सेंटरवरचं भाड्याचं. आता बीसीडी (पाण्यात तरंगणं सांभाळायला अंगावर घालायचं, हवेने फुगणारं साधन) घ्यायचंय कारण माझी उंची पाच फूट दोन इंच, वजन ५२ किलो, आणि भाड्याचं जॅकेट मला कधीच नीट बसत नाही. एक्सएस साइज क्वचित मिळते, स्मॉल घातलं की पृष्ठभागावर फुगवल्याफुगवल्या ते वर सरकून कानाला लागतं, बरगड्या दाबल्या जातात आणि पाण्याखाली सिलेंडर पाठीवर एकदा डावीकडे एकदा उजवीकडे कलत राहतो. फोटो काढायचे तर स्थिर राहताच येत नाही.

नेत्राणीच्या बोटीवर एकांनी जॅकेटऐवजी बॅकप्लेट-विंग (पाठीवर धातूची प्लेट आणि तिला लावलेली हवेची पिशवी, म्हणजे विंग) लावलेलं पाहिलं, पाण्यात एकदम सरळ आडवे, हलत नव्हते. तेव्हापासून वाचतेय आणि जितकं वाचतेय तितका गोंधळ वाढतोय. कुणी म्हणतं स्टीलच घे, कुणी म्हणतं गरम पाण्यात ॲल्युमिनियम. विंग कुणी ११ किलो लिफ्टची (म्हणजे तेवढं वजन तरंगवणारी) सांगतं कुणी १८ ची. विंगचा आकार डोनट की हॉर्सशू, सिंगल टँक अडॅप्टर (एकच सिलेंडर प्लेटला बसवायचा जोड) लागतो की नाही, हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे) एक-तुकडी घ्यायचं की बकलवालं. आणि एवढं सगळं बाहेरून मागवायचं तर कस्टम धरून बजेट कुठल्या कुठे जातं, त्यामुळे प्लेट इथेच बनवून घेतली तर चालेल का हाही प्रश्न आहे.

माहिती म्हणून सांगते, ३ मिमीचा फुल सूट, ॲल्युमिनियमचा नेहमीचा सिलेंडर आणि भाड्याचं जॅकेट असं असताना मला ५ किलो शिसं लागतं. कोरड्या सूटमध्ये (ड्रायसूट, ज्याच्या आत पाणी येत नाही) किंवा डबल सिलेंडर लावून डायव्ह करायचा विचार नाही. कुणी स्वतः वापरलंय का?

देवबाग_डायव्ह
ताई, मी मालवण-देवबाग भागात इन्स्ट्रक्टर आहे, स्वतः प्लेट वापरतो आणि विद्यार्थ्यांना जॅकेट देतो त्यामुळे दोन्ही बाजू रोज बघतो. तुमची जी तक्रार आहे ना, जॅकेट वर सरकणं आणि सिलेंडर कलणं, ती प्लेटने जवळपास पूर्ण जाते. कारण जॅकेट तुमच्या अंगाच्या मापाचं असावं लागतं, प्लेटचं हार्नेस मात्र पट्टा ओढून तुमच्या मापाचं करता येतं, आणि दोन पायांमधून जाणारा क्रॉच स्ट्रॅप असतो तो प्लेटला वर सरकूच देत नाही. लहान चणीच्या माणसाला तर याचा फायदा सगळ्यात जास्त.

पण मी एक गोष्ट आधी बघायला सांगतो आणि ती इंटरनेटवरच्या परदेशी चर्चेत सापडत नाही, ती म्हणजे तुमची बोट कसली आहे. आमच्याकडे लहान फायबरच्या बोटी, खूपदा सामान पाण्यातच काढून वर द्यावं लागतं, बोटीवाला वरून सिलेंडर उचलतो आणि मग तुम्ही कशातरी हाताच्या जोरावर वर. अशा वेळी तुमच्या पाठीवर स्टीलची प्लेट, त्यावर सगळं शिसं, आणि एक-तुकडी हार्नेस ज्याचा खांद्यावर एकही बकल नाही, हे ५२ किलोच्या माणसाला लाटांमध्ये उतरवायचं म्हणजे सराव लागतो. अशक्य मुळीच नाही, माझे दोन असिस्टंट रोज करतात. पण सराव लागतो. म्हणून मी तुम्हाला ॲल्युमिनियम प्लेट आणि कमरेला वेगळा वेट बेल्ट असं सुचवीन. सामान काढण्याआधी बेल्ट वर देऊन टाकायचा, मग विंग फुगवून प्लेट काढायची, सिलेंडरसकट ती छान तरंगते.

विंग डोनटच घ्या, सिंगल सिलेंडरसाठी दुसरा विचार करू नका.

गारपाणी
देवबागदादांचं बोटीचं अगदी खरं आहे. मी मूळची पणजीची, पहिले डायव्ह ग्रँड आयलंडला, आता नोकरीमुळे नेदरलँड्सला आइंडहोव्हनजवळ आणि डायव्हिंग झीलंडला, ग्रेव्हेलिंगन आणि ओस्टरस्केल्डे. दोन्हीकडे माझी प्लेट तीच, स्टीलची, पण बाकीचा हिशोब पूर्ण वेगळा. म्हणून मला वाटतं स्टील की ॲल्युमिनियम हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. आधी तुम्हाला एकूण किती वजन लागतं ते काढा. ते प्लेट ठरवत नाही, ते तुमचा सूट, तुमचं शरीर आणि रिकामा सिलेंडर मिळून ठरवतात. प्लेट फक्त त्यातलं किती वजन पाठीवर जाईल आणि किती कमरेला उरेल एवढंच ठरवते.

तुमच्याच आकड्यांवर करू. आपल्याकडे सगळीकडे असतो तो ॲल्युमिनियमचा सिलेंडर ११.१ लिटरचा. २०० बारला त्यात सव्वादोन हजार लिटरच्या आसपास हवा मावते, हवेचं वजन लिटरला साधारण १.२ ग्रॅम, म्हणजे नुसती हवाच अडीच ते पावणेतीन किलो. म्हणून हा सिलेंडर भरलेला असतो तेव्हा किंचित बुडतो आणि रिकामा झाला की दीड-दोन किलोने वर ओढतो. डायव्हच्या शेवटी ५० बार उरले असताना ५ मीटरवर विंगमध्ये जवळपास काहीही हवा न ठेवता तुम्हाला थांबता आलं पाहिजे, एवढं वजन हवं, त्याहून जास्त नको. तुमचे ५ किलो जॅकेटबरोबरचे आहेत. जॅकेटला फोम, पॅडिंग, खिसे असतात, ते स्वतःच तरंगतं, साधारण अर्धा ते एक किलो शिसं केवळ जॅकेटला बुडवायला जातं. प्लेटला पॅडिंग नसतं म्हणून ते वाचलं. राहिले चार-साडेचार.

आता स्टीलची ३ मिमी जाडीची प्लेट कोरडी साधारण अडीच किलो. स्टील पाण्यापेक्षा आठ पट जड, म्हणजे समुद्राच्या पाण्यात तिचं वजन सव्वादोन किलोच्या आसपास भरतं. ॲल्युमिनियमची प्लेट कोरडी ९०० ग्रॅम धरा, ॲल्युमिनियम पाण्याच्या पावणेतीन पटसुद्धा नाही, त्यामुळे पाण्यात ती जेमतेम अर्धा किलो भरते. म्हणजे स्टील घेतलं तर तुमच्या कमरेला दोन किलो उरतात, ॲल्युमिनियम घेतलं तर साडेतीन-चार. दोन्ही चालतात! ३ मिमी सूटमध्ये तुम्ही स्टीलने ओव्हरवेट होत नाही. पण उद्या अंदमानला २९ डिग्री पाणी आहे म्हणून नुसता रॅशगार्ड घालून उतरलात तर एकूण गरजच दोन-अडीच किलोवर येईल, तेव्हा स्टीलमध्ये सगळं वजन प्लेटमध्येच आणि टाकून देता येईल असं काहीच नाही. आणि कुठे स्टीलचा सिलेंडर मिळाला, जो रिकामा झाला तरी वर ओढत नाही, तर रॅशगार्ड अधिक स्टील प्लेट अधिक स्टील सिलेंडर हे मात्र सरळ जास्त वजन. ते करू नका.

विंगचाही हिशोब असाच. विंगला तीन वेळा काम पडतं. एक, डायव्हच्या सुरुवातीला खोलवर, जेव्हा सिलेंडर भरलेला आहे आणि सूट दबलाय. तुमच्या वजनाचा हिशोब ५० बारला जुळवलेला आहे, म्हणजे सुरुवातीला तुम्ही दोन किलो जड. ३० मीटरला दाब ४ बार, नियोप्रिनमधले बुडबुडे दबून सूटची तरंगण्याची ताकद अर्ध्याहून जास्त जाते, तुमच्या मापाच्या ३ मिमी सूटमध्ये त्याचा फरक किलोभर धरा. झाले तीन. दोन, पृष्ठभागावर डोकं पाण्याबाहेर आरामात राहायला अजून चार-पाच किलो. तीन, सामान अंगावरून काढलं तर ते एकटं तरंगलं पाहिजे: प्लेट सव्वादोन, भरलेला सिलेंडर पाऊण-एक, रेग्युलेटर किलोभर, शिवाय कॅम बँडला (सिलेंडर बांधायचा पट्टा) काही शिसं लावलं असेल तर ते. म्हणजे पाचेक किलो. यातला कुठलाही आकडा आठाच्या वर जात नाही. त्यामुळे ११ ते १३ किलो लिफ्टची विंग तुम्हाला भरपूर आहे. पाउंडात लिहिलेलं असतं तेव्हा २५ ते ३०. १८ किलोची घेतलीत तर फायदा शून्य, उलट एवढं कापड एका सिलेंडरभोवती पानाच्या विड्यासारखं गुंडाळलं जातं, हवा वरच्या घड्यांत अडकते आणि डंप (हवा सोडायचा व्हॉल्व्ह) ओढला तरी बाहेर येत नाही. माझी इथली विंग मोठी आहे कारण मी जाड अंडरगारमेंट घालून कोरड्या सूटमध्ये, फेब्रुवारीत ४-५ डिग्रीच्या पाण्यात उतरते, मला तुमच्या दुपटीहून जास्त वजन लागतं. इथल्या लोकांचे सल्ले वाचताना हे लक्षात ठेवा. बहुतेक "स्टीलच घ्या" म्हणणारे थंड पाण्यातले असतात, त्यांच्या जागी ते बरोबरच असतात.

पुणेरी_फिन्स
गारपाणीताई, इतकं नीट कुणीच समजावलं नव्हतं, मी वहीत उतरवून घेतलं सगळं. म्हणजे दोन्ही चालतंय तर मग निर्णय कशावर करू? पोर्ट ब्लेअरच्या (आता श्री विजयपुरम) फ्लाइटला चेक-इन १५ किलोच मिळतं, त्यात सूट, फिन्स, कॅमेऱ्याचं हाऊसिंग. स्टीलचे दीड किलो जास्त मला जाणवतील. पण दुसरीकडे असंही वाटतं की पाठीवर वजन असलं तर कमरेला कमी, आणि माझी कंबर शिशाच्या पट्ट्याने दुखते.

शिवाय एक विचारायचं राहिलं, विंग फाटली किंवा इन्फ्लेटर (विंगमध्ये हवा भरायची नळी-बटण) निकामी झाला तर वर कसं यायचं? जॅकेटचंही तेच म्हणा, पण प्लेटमध्ये वजन टाकता येत नाही म्हणून भीती वाटते.

गारपाणी
हो, हा प्रश्न विचारलात ते फार बरं झालं, खरेदीआधी हाच विचारला पाहिजे. वर काढलेला आकडा बघा, विंग पूर्ण गेली तरी सगळ्यात वाईट क्षणी तुम्ही साधारण तीन किलो जड आहात. तीन किलो फिन्स मारत वर आणणं जमतं, दमछाक होते पण जमतं, आणि जसजसं वर याल तसतसा सूट फुगून मदत करतो. वर पोचल्यावर मात्र तरंगत राहायला काहीतरी टाकता आलं पाहिजे किंवा डीएसएमबीला (डायव्हरने सोबत न्यायचा, फुगवून वर सोडायचा बोया) धरून राहता आलं पाहिजे. म्हणून मी कमरेला निदान दोन किलो तरी टाकता येण्याजोगे ठेवीन. कमरेच्या दुखण्याचं म्हणाल तर एकूण चार किलोत हा प्रश्न मोठा नसतो, पाचाहून खाली आलात की फरक कळेल. दोन किलो बेल्टला आणि उरलेलं सिलेंडरच्या वरच्या कॅम बँडवरच्या छोट्या खिशांत असंही करता येतं. पाय जड होऊन खाली जात असतील तर वरच्या बँडवर, डोकं खाली जात असेल तर खालच्या. आडवं राहणं यानेच जमतं, नुसती प्लेट घेतली म्हणून कुणी आपोआप आडवं होत नाही.

प्रवास तुम्हाला महत्त्वाचा आहे तर माझं मत ॲल्युमिनियमला. शिसं जगात कुठल्याही सेंटरवर मिळतं, ते विमानातून कशाला न्यायचं.

शीटमेटल_भोसरी
प्लेट इथे बनवण्याबद्दल मी सांगू शकतो, भोसरीला आमचं लेझर कटिंग आणि बेंडिंगचं काम आहे आणि मी स्वतः डायव्ह करतो, माझी आणि मित्रांची प्लेट आमच्याच शॉपमध्ये काढलीय. अवघड काहीच नाही पण चार गोष्टी सांभाळल्या नाहीत तर वाया जाते.

पहिली म्हणजे मटेरियल. स्टील असेल तर ३१६ च, ३०४ नको. दिसायला दोन्ही सारखे, दुकानदार स्वस्त म्हणून ३०४ देतो, पण ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं त्यामुळे खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडला ते जास्त टिकतं. ३०४ वर एका सीझनमध्ये चहाच्या रंगाचे डाग यायला लागतात आणि स्लॉटच्या कडेला पिटिंग (गंजाचे बारीक खड्डे). ॲल्युमिनियम असेल तर लोक सवयीने ६०६१ टी६ सांगतात, ते मशीनिंगला छान आहे पण थंड बेंड करताना लहान रेडियसला तडा जातो, मला दोनदा वर्कशॉपवाल्यांना हे समजावून सांगावं लागलं. ५०८३ किंवा ५०५२ घ्या, बेंड होतं आणि समुद्राला चांगलं. नंतर ॲनोडायझिंग करून घ्या.

दुसरी म्हणजे भोकं. विंग आणि सिंगल टँक अडॅप्टर ज्या दोन बोल्टवर बसतात त्यांच्या सेंटरमधलं अंतर ११ इंच, म्हणजे २७९ मिमी. हे जगभर जवळपास ठरलेलं आहे, त्यामुळेच एकाची प्लेट दुसऱ्याची विंग असं जमतं. ड्रॉइंग देताना आकडा मिमीत लिहा आणि २८० करू का म्हणून विचारलं तर नाही म्हणा. बोल्ट ८ मिमीचे. वेबिंग २ इंची, ५० मिमी, त्यामुळे स्लॉट त्याहून दोन-तीन मिमी लांब.

तिसरी गोष्ट कडा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. लेझरने कापलेली कड हाताला फार धारदार वाटत नाही, पण नायलॉनचा पट्टा त्या कडेवर ओढला जात राहतो, ओला, मीठ लागलेला, वर १५ किलोचा सिलेंडर लटकलेला. प्रत्येक स्लॉटची दोन्ही बाजूंची कड डीबर करून गोल करायची, आणि मग जुनी कॉटनची पट्टी ओढून बघायची, धागा अडकला तर परत घासायची. याला वेळ द्या.

चौथी, बेंड. मधली खोलगट पन्हळ सिलेंडरच्या अडॅप्टरला जागा देते आणि बाजूचे पंख पाठीला लागतात. तुमची चण लहान आहे तर प्लेटची उंचीही कमी करून घ्या, नेहमीची प्लेट तुम्हाला मानेच्या मणक्यापासून माकडहाडापर्यंत जाईल. फक्त उंची कमी करताना ११ इंचाला हात लावू नका. आधी पुठ्ठ्याची कापून पाठीला लावून बघा, इथेच घरच्यांची मदत घ्या.

आणि स्टीलचे बोल्ट ॲल्युमिनियम प्लेटमध्ये कायम अडकवून ठेवले की दोन धातू आणि खारं पाणी, गंज पकडतो. प्रत्येक ट्रिपनंतर गोड्या पाण्यात भिजत ठेवायचं आणि पावसाळ्यात चार महिने पडून राहणार तर बोल्ट काढून ठेवायचे.

हे सगळं प्लेटपुरतं. विंग मात्र कुणाकडूनही शिवून घेऊ नका, मला लोक विचारतात. आतला ब्लॅडर वेल्डिंग, इन्फ्लेटर, डंप व्हॉल्व्ह, यावर जीव आहे. नामांकित कंपनीची घ्या, युरोपातली असेल तर ईएन १८०९ चं मानक लिहिलेलं असतं ते बघा. हॅल्सियन, एक्सडीप, टेकलाइन, डायव्ह राइट, यातलं काहीही चालेल, तुम्हाला ज्याचे सुटे भाग लवकर मिळतात ते घ्या.

नीलसागर
सगळे छान लिहितायत पण एका गोष्टीवर मला वेगळं म्हणायचंय. एक-तुकडी हार्नेसबद्दल इंटरनेटवर फार ठाम बोललं जातं, की बकल लावलं म्हणजे चूक. हे हार्नेस उत्तर फ्लोरिडातल्या पाण्याखालच्या गुहांमध्ये तयार झालं, विल्यम होगार्थ मेन या डायव्हरच्या नावावरून त्याला होगार्थियन म्हणतात. गुहेत डोक्यावर दगडाचं छत, प्लॅस्टिकचं बकल तुटलं तर वर जाऊन दुरुस्त करायची सोय नाही, म्हणून त्यांनी तुटू शकेल अशी प्रत्येक गोष्ट काढून टाकली. त्यांच्यासाठी अगदी योग्य. नेत्राणीला १८ मीटरवर, मोकळ्या पाण्यात, लहान बोटीतून उतरणाऱ्या बाईसाठी डाव्या खांद्याला एक धातूचं बकल लावलं तर काही बिघडत नाही. माझा खांदा आखडतो, उजवा हात मागे पूर्ण जात नाही, त्यामुळे मी बकल लावूनच डायव्ह करते आणि बोटीवरच्या पोरांनाही सोपं पडतं.

ताई तुम्ही आधी एक-तुकडी वापरून बघा, बरेच जण सैल ठेवायला शिकले की सहज काढतात. पण नाही जमलं तर बकल लावायला संकोच करू नका. फक्त स्टीलचं घ्या.

आणि जॅकेटला कुणी नावं ठेवू नका बुवा. नीट मापाचं जॅकेट मिळालं तर त्यातही माणूस आडवं राहतं. प्रश्न मापाचाच आहे.

देवबाग_डायव्ह
नीलसागर मॅडमशी पूर्ण सहमत. सैल ठेवण्याचं जे म्हणाल्या ते मी जरा फोड करून सांगतो कारण नव्वद टक्के लोक इथेच अडतात. खांद्याचे पट्टे जॅकेटसारखे करकचून ओढायचे नसतात. प्लेट घालून उभं राहिल्यावर खांद्याच्या पट्ट्याखाली सपाट हात आरामात गेला पाहिजे. पाण्यात तुम्ही आडव्या असता, सिलेंडर पाठीवर टेकलेला असतो, त्याला धरून ठेवायचं काम कमरेचा पट्टा आणि क्रॉच स्ट्रॅप करतात, खांद्याचे पट्टे फक्त सोबत असतात. कोरड्यात जरा ढिलं वाटलं तर ते बरोबर आहे. हात मागे नेऊन सिलेंडरचा व्हॉल्व्ह बोटांना लागतो का बघा, लागत नसेल तर सिलेंडर बँडमध्ये थोडा वर घ्या किंवा पट्टे अजून ढिले करा. छातीचे डी-रिंग (सामान अडकवायच्या धातूच्या कड्या) काखेच्या रेषेत, इतके खाली नकोत की टॉर्च पोटावर लोंबेल. डाव्या कमरेच्या डी-रिंगला प्रेशर गेज.

हे सगळं सूट घालून करा, टीशर्टवर नको. आणि पट्टा लगेच कापू नका! पहिल्या काही डायव्हला लांब शेपूट तसंच ठेवा, मापं बदलत राहतात, सगळं बसलं की मग कापा आणि टोक लायटरने जाळून बंद करा.

वेबिंगबद्दल भोसरीवाल्या दादांनी सांगितलं नाही म्हणून सांगतो, गाडीच्या सीटबेल्टचा पट्टा वापरायचा मोह होतो, तो मऊ असतो, क्लिपमधून सरकतो आणि हात घालताना गुंडाळतो. कडक नायलॉन वेबिंगच पाहिजे, ते स्वतःचा आकार धरून उभं राहतं आणि म्हणून हात पटकन आत जातो.

शीटमेटल_भोसरी
बरोबर, पट्ट्याचं राहिलंच. आणि सिंगल टँक अडॅप्टरचा प्रश्न कुणी घेतला नाही. हल्लीच्या बऱ्याच सिंगल विंगमध्ये कॅम बँड ओवायला स्लॉट असतात आणि सिलेंडर हलू नये म्हणून मधोमध दोन उभ्या पट्ट्या असतात, तसं असेल तर वेगळा अडॅप्टर लागत नाही, वजन आणि पैसा दोन्ही वाचतं. घेताना एवढं बघा की बँड आपल्याकडच्या सिलेंडरला पुरतो, ॲल्युमिनियमच्या त्या सिलेंडरचा व्यास १८४ मिमी. युरोपातल्या आखूड १२ लिटरला २०४ पर्यंत जातो, त्यामुळे तिकडचे बँड लांब असतात, ते चालतात. नवीन बँड कोरडे बांधू नका, आधी ओले करा मग आवळा, नाहीतर पाण्यात गेल्यावर सैल होतात आणि सिलेंडर खाली घसरतो.

गारपाणी
डोनट आणि हॉर्सशूचं पण एका ओळीत सांगते, देवबागदादांनी निकाल दिला पण कारण दिलं नाही. डोनटमध्ये हवा खालून एका बाजूकडून दुसरीकडे जाऊ शकते, हॉर्सशू खाली बंद असते त्यामुळे तुम्ही एका कुशीला कललात की हवा त्या बाजूला अडकते आणि डंप तर डावीकडे खाली. डोनटमध्ये डाव्या कमरेजवळची दोरी ओढली, डावी बाजू किंचित वर केली, की संपलं.

पुणेरी_फिन्स
सगळ्यांचे मनापासून आभार, आज रात्रीच नवऱ्याला पुठ्ठा कापायला बसवते. ठरवलंय ते असं: ५०८३ ची प्लेट, उंची कमी करून, १३ किलोच्या आतली डोनट विंग जिच्यात अडॅप्टर लागत नाही, आधी एक-तुकडी हार्नेस. भोसरीदादा, ड्रॉइंग तयार झालं की इथेच टाकते, तुम्ही एकदा नजर घाला. शेवटचे दोन प्रश्न. वेट बेल्ट क्रॉच स्ट्रॅपच्या आत घालायचा की बाहेर? आणि वाचलं की विंग पृष्ठभागावर माणसाला तोंडावर पाडते, ते खरं का?

देवबाग_डायव्ह
बेल्टचं बघा, टाकायची वेळ आली तर तो अडकता कामा नये. आधी वेट बेल्ट घालून मग वरून प्लेट चढवून क्रॉच स्ट्रॅप लावला तर बेल्ट त्या स्ट्रॅपच्या आत राहतो, बकल उघडलं तरी पायांमध्ये लटकत बसतो. थंड पाण्यात कोरडा सूट घालणारे काही लोक मुद्दाम आत घालतात कारण त्यांना चुकून बेल्ट पडण्याची धास्ती जास्त, एकदम वर फेकले जातील. तुम्ही आपल्या पाण्यात बाहेरून घाला: प्लेट, क्रॉच स्ट्रॅप, कमरेचं बकल, आणि सगळ्यात शेवटी वेट बेल्ट, त्याचं बकल पुढे क्रॉच स्ट्रॅपच्या वरून. उजव्या हाताने उघडून एका बाजूला ओढला की सुटून आला पाहिजे. बडीला (डायव्हमधल्या जोडीदाराला) पण दाखवून ठेवा, कारण त्याला जॅकेटच्या खिशातलं वजन शोधायची सवय असते.

तोंडावर पाडण्याचं अर्धं खरं आहे. जॅकेटसारखी शेवटपर्यंत फुगवली तर सगळी हवा पाठीमागे, ती तुम्हाला पुढे ढकलते. विंग पूर्ण फुगवायचीच नाही, हनुवटी पाण्याबाहेर येईल एवढीच, आणि खुर्चीत रेलल्यासारखं मागे झुकायचं, पाय थोडे पुढे. दोन मिनिटांत जमतं. ॲल्युमिनियमचा सिलेंडर रिकामा झाला की तो मागून वर ढकलतो, तेव्हा जास्त जाणवतं, म्हणून थोडं शिसं मागे बँडला ठेवलं तर बरं पडतं.

सामान हातात आलं की समुद्रात न्यायच्या आधी पुण्यातल्याच एखाद्या खोल पूलमध्ये, इन्स्ट्रक्टर सोबत घेऊन, एक तास घालवा. तिथे गोडं पाणी आहे म्हणून समुद्रापेक्षा दीड-दोन किलो कमी वजन लागेल, ते आकडे समुद्रात धरू नका. पण पाण्यात हार्नेस काढणं, परत घालणं, डोळे मिटून इन्फ्लेटर आणि खालच्या डंपची दोरी शोधणं, बेल्ट सोडणं आणि विंग रिकामी ठेवून फिन्स मारत खालून वर येणं, हे सगळं तिथे करून घ्या. समुद्रात पहिल्या डायव्हच्या शेवटी ५० बार असताना ५ मीटरवर विंग पूर्ण रिकामी करा आणि थांबा, वर जात असाल तर अर्धा किलो वाढवा, खाली जात असाल तर अर्धा काढा, आणि तो आकडा कुठल्या सूटमध्ये निघाला ते लॉगबुकमध्ये सूटच्या नावासकट लिहा.